धूर मालकाच्या नावावर

आश्विन वद्य पंचमी जवळ आली की अमरावती–नागपूर महामार्गाचं रूप पालटतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात देह ठेवला. दर वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला गावोगावचे गुरुदेवभक्त तिथे जमतात आणि सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहतात. पायी दिंड्या असतात, एसटीच्या जादा गाड्या असतात, आणि त्यांच्या आगेमागे जे काही चालू स्थितीत आहे ते सगळं रस्त्यावर उतरलेलं असतं: ट्रॅक्टर-ट्रॉल्या, काळी-पिवळी, मालकाच्या वडिलांनी घेतलेली जीप, टाकीवर नवा रंग चढवलेली राजदूत, एखादी पांढरी अॅम्बेसेडर.

मोझरीहून नागपूरच्या दिशेनं थोडं पुढे गेलं की तिवसा लागतं. तालुक्याचं गाव. हमरस्त्यावरच बसस्थानक, हॉटेलं, पंक्चरची आणि गॅरेजची दुकानं. तिवस्यातून जुनी गाडी जाते तेव्हा दोन गोष्टी घडतात. पानठेल्यावरची माणसं कौतुकानं मान वळवतात. आणि गाडी पुढे गेली की तीच माणसं नाकाला रुमाल लावतात. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेबद्दल हा लेख आहे.

जुनी म्हणजे किती जुनी?

‘क्लासिक कार’ म्हटलं की मुंबईतल्या किंवा राजेरजवाड्यांच्या चकचकीत रोल्स रॉइस डोळ्यांपुढे येतात. वऱ्हाडातली जुनी गाडी वेगळी. इथे जीप शेतासाठी आली. महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि काळ्या मातीत पावसाळ्यातही निघू शकणारी गाडी म्हणून ती बागाईतदारांच्या, सहकारी संस्थांच्या आणि सरकारी खात्यांच्या दारी पोचली. फियाट डॉक्टर-वकिलांकडे आली, अॅम्बेसेडर पुढाऱ्यांकडे आणि जिनिंग-प्रेसिंगवाल्यांकडे. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले राजदूत, येझदी, लुना आणि चेतकवर फिरले. अॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, प्रीमियर पद्मिनीचं त्याच्या बरंच आधी. पण गाडी बनणं थांबलं म्हणून ती चालणं थांबत नाही. विशेषतः जिथे मिस्त्री शाबूत आहे आणि सुटा भाग अकोल्याच्या किंवा नागपूरच्या भंगारात सापडतो तिथे तर नाहीच.

कायद्याच्या दृष्टीनं या गाड्या दोन कप्प्यांत पडतात. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूप राखलेली दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. त्या बदल्यात ती रोजच्या वापरासाठी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी.

दुसरा कप्पा खूप मोठा आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाली, पन्नास अजून नाहीत. या गाडीची तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तिवस्याच्या रस्त्यावर दिसणारी जुनी गाडी बहुधा या कप्प्यातली. ती हौसेची असते तशीच कामाचीही असते. लग्नाच्या वरातीत नवरदेव तिच्यात बसतो आणि दुसऱ्या दिवशी तीच संत्र्याची कॅरेटं घेऊन निघते.

जे संगणक करतो ते इथे माणूस करतो

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या हिशेबानं एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. आजच्या गाडीत हे प्रमाण सांभाळायला सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो इंजिनच्या संगणकाला क्षणोक्षणी खबर देतो, आणि तरीही काही घाण उरलीच तर ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निपटतो.

१०८९ सीसीच्या पद्मिनीत किंवा १४८९ सीसीच्या जुन्या अॅम्बेसेडरमध्ये यांपैकी काहीच नाही. तिथे कार्बोरेटर आहे, त्यावर मिश्रणाचा एक छोटा स्क्रू आहे आणि आयडलचा दुसरा. डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉन्टॅक्ट पॉइंट आहेत, त्यांच्यात मिलिमीटरच्या चार दशांशाच्या आसपास फट ठेवायची असते. टॅपेट आहेत, त्यांचीही फट आहे. हे सगळं वापरानं सरकतं. पॉइंट झिजतात, फट कमी होते, ठिणगी पडायची वेळ चुकते. जेटचं भोक मोठं होतं. फ्लोटची सुई गळू लागते. आणि हे सरकलंय हे सांगणारा कुठलाही पिवळा दिवा डॅशबोर्डवर लागत नाही. तो मालकाच्या कानात, नाकात आणि सवयीत लागावा लागतो.

जुन्या गाडीच्या मालकाची जबाबदारी नव्या गाडीवाल्यापेक्षा मोठी आहे ती यामुळेच. नव्या गाडीतली चूक बऱ्याचदा माणसाच्या हाताबाहेरची असते. जुन्या गाडीत प्रत्येक स्क्रू हाताला लागतो, म्हणून तिचा धूर मालकाच्या नावावर जातो.

आपल्या भागात चुलीवर स्वयंपाक केलेल्या कोणालाही ज्वलनाचं शास्त्र शिकवावं लागत नाही. पऱ्हाटी वाळलेली असेल, मधून वारा खेळता असेल तर जाळ पिवळाधमक आणि धूर नाहीसा. ओली पऱ्हाटी कोंबली की घरभर डोळे चोळणं. इंजिनमध्येही कोंबणंच नडतं. गाडी सकाळी लवकर चालू होत नाही म्हणून मिश्रणाचा स्क्रू ढिला करायचा, चोक अर्धा ओढून तसंच चालवायचं, एअर फिल्टर धुण्याऐवजी काढूनच टाकायचा: तिवस्यापासून कारंज्यापर्यंत कुठल्याही गॅरेजच्या अंगणात ही औषधं सापडतील. गाडी त्यांनी चालते. इंधन मात्र नीट जळत नाही.

धुराचे रंग

“भाऊ, गाडी काहून धूर मारून राह्यली?” या वऱ्हाडी प्रश्नाला चांगला मिस्त्री लगेच उत्तर देत नाही. तो आधी रंग पाहतो.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. पेट्रोल गाडीत कार्बोरेटर आणि एअर फिल्टर बघायचा, डिझेलमध्ये नोझल आणि पंप. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय: रिंगा झिजल्या, बोअर वाढला, नाहीतर व्हॉल्व्ह गाइडमधून तेल उतरतंय. गाडी उतारावर सोडून पुन्हा रेस दिली की भक्कन निळा लोट येतो तो बहुधा गाइडचा. पांढरा धूर पेट्रोल गाडीत थांबलाच नाही, तर हेड गॅस्केटमधून पाणी शिरल्याची शंका घ्यायची. डिझेलमध्ये तो न जळलेल्या इंधनाचाही असू शकतो.

पण रंगाला एक मर्यादा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट आणि त्याहूनही अधिक ओढीनं चिकटतो. सायलेन्सरमधून काहीच दिसत नाही, तरीही गाडी घातक असू शकते. म्हणून प्लग काढून पाहायची जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे. प्लगचं टोक फिकट विटकरी असेल तर ज्वलन बरं, काजळीनं काळं असेल तर मिश्रण जाड, पांढरं पडलं असेल तर पातळ. पातळ मिश्रणानं इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह जळतात. तेव्हा धूर नको म्हणून स्क्रू आवळत सुटणं हाही उपाय नव्हे.

टू-स्ट्रोक दुचाक्यांचा मामला आणखी अवघड. राजदूत, येझदी, चेतक, आरएक्स १००, लुना यांच्या इंजिनाची रचनाच अशी की ताज्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच बाहेर निसटतो, आणि सोबत जाणारं वंगणाचं तेलही जळतं. ही उणीव ट्यूनिंगनं जात नाही. पण तिच्यावर आपण जी भर घालतो ती जाऊ शकते. इंजिन जाम होईल या भीतीनं पेट्रोलमध्ये मापापेक्षा जास्त तेल ओतायचं, तेही टू-टी नव्हे तर ट्रॅक्टरमधून काढलेलं, ही सवय गावोगाव होती आणि पुरती गेलेली नाही. कंपनीनं सांगितलेलं माप, चांगलं टू-टी ऑइल आणि काजळी काढलेला सायलेन्सर एवढ्यानंही फरक पडतो. रॉकेल स्वस्त होतं त्या काळात पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर पळवलेल्या दुचाक्याही इथे कमी नव्हत्या. त्यांचा धूर रस्त्यावरच्या प्रत्येकानं गिळला आहे.

डिझेल जीप वऱ्हाडाची लाडकी. तिची दुरुस्ती मात्र गॅरेजमध्ये संपत नाही, ती ‘पंप-नोझल’वाल्याकडे न्यावी लागते. नोझलनं डिझेलचा बारीक फवारा मारायला हवा. तो धार मारू लागला की थेंब जळत नाहीत, काजळी होते. पंपाची सेटिंग वाढवून घेतली की गाडीला ओढ येते, चढावर ती दमत नाही, आणि मागे काळा पडदा पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. ओढीसाठी पंप वाढवणाऱ्यानं ही गोष्ट ऐकून घ्यावी. जीपच्या मागे बहुतेक वेळा शाळेतून येणारी सायकल असते.

पंपावरचं पेट्रोल बदललं

जुन्या इंजिनांना गेल्या पंचवीस वर्षांत इंधनानं दोनदा धक्का दिला. पहिला २००० साली, शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं तेव्हा. शिसं मेंदूला विषारी, त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण जुन्या इंजिनांच्या मऊ व्हॉल्व्ह सीटना त्याच शिशाचं संरक्षण असे. सीट खचल्या की व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, दाब गळतो आणि ज्वलन बिघडतं. हेडचं काम निघालं की कडक सीट बसवून घेणं हा त्यावरचा कायमचा इलाज.

दुसरा धक्का चालू आहे. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आज तेच सर्वत्र मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर चालणाऱ्या कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप पातळ होतं. जाड मिश्रणावर चालणाऱ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड त्यानं कमीही होईल. आधीच पातळ असलेली गाडी मात्र तापेल, अडखळेल आणि मिसिंग करेल. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराला खातं. इंधनपंपाचा पडदा, इंधनाच्या नळ्या, कार्बोरेटरची वॉशरं हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचं बदलून घ्यायला हवं. दसरा आणि लग्नसराईलाच निघणारी गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीनं उभी ठेवू नये. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, गंज धरतो, आणि तोच गंज जेटमध्ये अडकतो.

यात वऱ्हाडचा उन्हाळा जमेला धरायचा. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की अॅम्बेसेडरच्या इंधनपंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बसते. पंपाला ओलं फडकं गुंडाळणं हा पिढीजात उपाय खरा, पण रेडिएटर साफ ठेवणं, पंखा आणि टायमिंग तपासणं ही त्याची मुळातली बाजू आहे.

नियम किती मागतो?

भारतात पेट्रोल गाड्यांना कारखान्यातच लागू होणारी पहिली उत्सर्जन मर्यादा १९९१ मध्ये आली, डिझेलसाठी १९९२ मध्ये. म्हणजे १९७२ची फियाट बनली तेव्हा तिच्या धुराला मोजमापच नव्हतं. आज एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा (बीएस-सहा) गाडीपर्यंत ही शिडी चढत आली आहे.

चालू गाड्यांसाठी पीयूसी ही धुराची चाचणी आहे. तिचे आकडे बघण्यासारखे आहेत. जुन्या, भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. बीएस-चार मोटारीला ०.३ टक्के, म्हणजे दशांश. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला ४.५ टक्के. जुन्या डिझेलच्या धुराची घनता ६५ हार्ट्रिजपर्यंत चालते. प्रमाणपत्र नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तात्पर्य असं की कायदा जुन्या गाडीकडे वडीलधाऱ्याकडे बघावं तसं बघतो, थोडं डोळेझाक करून. ३ टक्के ही मुभा आहे, ध्येय नव्हे. नीट बांधलेली, नीट लावलेली पद्मिनी तिच्या आत सहज बसते. पण पीयूसी सहा महिन्यांतून एकदा, काही मिनिटांची, बहुतांशी उभ्या गाडीची. चाचणीपुरता स्क्रू आवळायचा आणि बाहेर पडल्यावर पुन्हा सोडायचा, ही युक्ती राज्यभर ठाऊक आहे. हे करणारा माणूस फसवतो कोणाला? पीयूसीवाल्याला नाही. त्याचे पैसे त्याला मिळालेले असतात.

ढिलाई वाढली की न्यायालय आणि तारखा येतात, याचा दाखला मुंबईनं दिला आहे. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या संघटनेनं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि पुढच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावं लागलं. काळ्या-पिवळ्या पद्मिनीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून नाहीशी झाली. वयावर बोट ठेवून ओढलेली रेषा चांगली राखलेली गाडी आणि हयगय झालेली गाडी यांत फरक करत नाही. दिल्लीतही दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल अशीच रेषा ओढली गेली.

ही रेषा आंधळी का, याचं उत्तर अमेरिकेतल्या एका कामात सापडतं. डेन्व्हर विद्यापीठाच्या डोनाल्ड स्टेडमन यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा धूर दुरूनच किरणांनी मोजायचं यंत्र बनवलं. मोजमापांतून दिसलं की निम्म्याच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड सुमारे दहा टक्के गाड्यांमधून येतो. त्यांच्या चमूनं १९९५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आणखी एक गोष्ट मांडली. नव्या गाड्यांमधल्या सर्वांत घाणेरड्या गाड्या जुन्यांमधल्या स्वच्छ गाड्यांपेक्षा अधिक प्रदूषण करतात. वयापेक्षा निगा मोठी. जुन्या गाडीच्या मालकाला याहून भक्कम वकील मिळणार नाही, पण तो उभा राहील ते निगा राखली असेल तरच.

“एका गाडीनं काय होते?”

हा प्रश्न तिवस्यात हमखास येतो, आणि तो पोरकट नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. तिथल्या हवेत रस्त्याची धूळ, बांधकाम, शेतात जाळलेला कचरा, ट्रकांची रांग यांचा वाटा मोठा. त्यात वर्षाकाठी काहीशे किलोमीटर धावणारी अॅम्बेसेडर किती?

एकूण बेरजेत थोडीच. पण धूर बेरजेत श्वासात जात नाही, जवळून जातो. बसस्थानकासमोर दहा मिनिटं घुरघुरत उभी असलेली जीप त्या दहा मिनिटांपुरती तिथल्या लहान मुलाची सगळी हवा असते. दुसरं असं की जुन्या गाड्यांना मिळालेली सवलत लोकांच्या कौतुकावर टिकून आहे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांपुढच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गाडी रस्त्यायोग्य ठेवायची जबाबदारी मालकावरच राहते. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या गाडीला ‘एच’ अक्षराची पाटी मिळते ती सुस्थितीची तपासणी झाल्यावर. सगळीकडे सौदा एकच आहे: समाज वयाची सूट देतो, मालकानं निगा द्यायची.

वऱ्हाडाला यंत्रावर प्रेम करणं शिकवायला नको. मुर्तिजापूर–अचलपूर–यवतमाळची शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनावर धावली, आणि तिचा धूर अजूनही लोकांच्या बोलण्यात गोड होऊन येतो. त्याच मातीत गाडगेबाबा झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीपाशी, अमरावतीकडे येताना वाटेतच त्यांचा अंत झाला. आयुष्यभर त्यांनी स्वच्छतेची शिकवण दिली. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या शुद्धीला आणि आरोग्याला स्वतंत्र जागा दिली. खंडेनवमीला गाडीला हळद-कुंकू वाहणाऱ्याला हा वारसा परका नाही.

मग करायचं काय? दर तीन महिन्यांनी प्लग, पॉइंट, टॅपेट, एअर फिल्टर. जीपच्या ऑइल-बाथ फिल्टरमधलं तेल सोयाबीनच्या काढणीनंतर बदलायचं, कारण तेव्हा धूळ खूप उडालेली असते. वर्षातून एकदा कॉम्प्रेशन आणि नोझल तपासायचं. उभी गाडी बंद ठेवायची. आणि गाडी ट्यून करून आणल्यावर पीयूसी केंद्रावर प्रमाणपत्रासाठी नव्हे, आकड्यासाठी जायचं. तो आकडा वहीत लिहायचा. मागच्या वेळी १.८ होता, या वेळी २.६ आला, तर मध्ये काय सरकलं हे मिस्त्रीला विचारायचं. जुन्या गाडीच्या मिस्त्रीची विद्या अशीच जिवंत राहते. गिऱ्हाईक आकडा मागत नाही तोवर तो फक्त आवाजावर काम भागवतो.

विदर्भात जुन्या गाड्यांची प्रदर्शनं आणि रॅली भरवणाऱ्यांनाही एक सुचवावंसं वाटतं. गाडीसमोरच्या पाटीवर बनावटीचं साल, मॉडेल आणि इंजिनाचा सीसी लिहिलेला असतो. त्याखाली त्या सकाळी मोजलेलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाणही लिहावं, आणि बक्षीस ठरवताना रंगाइतकेच गुण त्याला द्यावेत. पहिल्या वर्षी काही मालक नाराज होतील. दुसऱ्या वर्षी ते कार्बोरेटर उघडून येतील.